एनएफएस क्लायंटची ओळख: नुसता आयपी, होस्टनेम, युनिक आयडी की कर्बेरॉस?

लॅबमध्ये किंवा ऑफिसात एक लिनक्स फाइल सर्व्हर आणि एनएफएसने, म्हणजे नेटवर्कवरून फाइली वाटून घ्यायच्या प्रोटोकॉलने, त्याचं होम फोल्डर माउंट करणारी (आपल्याच डिस्कवर असल्यासारखं जोडून घेणारी) तीस-चाळीस मशिनं, असा सेटअप असेल तर हा आढावा तुमच्यासाठी आहे. कारण यात एक निर्णय असा असतो जो बहुतेक जण घेतच नाहीत, तो आपोआप घेतला जातो, आणि मग सहा महिन्यांनी फाइल लॉक (एका वेळी एकानेच फाइल बदलावी म्हणून प्रोग्राम घेतो तो ताबा) गायब व्हायला लागले की सगळे स्विच आणि केबल तपासत बसतात. निर्णय हा, की क्लायंट मशीनने सर्व्हरला आपली ओळख काय म्हणून सांगायची.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ, कारण सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. सर्व्हरला क्लायंटबद्दल दोन वेगळ्या गोष्टी माहीत असाव्या लागतात. पहिली, याला आत येऊ द्यायचं की नाही. दुसरी, हे जे लॉक आणि उघड्या फाइलींचे हिशोब माझ्याकडे पडलेत ते नक्की कोणाचे, आणि तो मेला-उठला तर मला कळणार कसं. पहिला प्रश्न सिक्युरिटीचा, दुसरा हिशोबाचा. आयपी आणि कर्बेरॉस (तिकिटं देऊन ओळख पटवणारी यंत्रणा) मुख्यतः पहिल्याचं उत्तर देतात, होस्टनेम (मशीनचं नाव) आणि युनिक आयडी दुसऱ्याचं. लोक विचारतात "कर्बेरॉस लावू की युनिक आयडी देऊ", तर हे दोन्ही एकमेकांऐवजी वापरायचे पर्याय नाहीतच. पण पैसे, वेळ आणि माणसं मर्यादित असतात म्हणून कुठून सुरुवात करायची हे ठरवावंच लागतं.

एनएफएसच्या व्हर्जन ३ पासून बघू. हे १९९५ चं, त्याचा अधिकृत दस्तऐवज आरएफसी १८१३, आणि अजूनही भरपूर ठिकाणी चालू आहे, विंडोजचा स्वतःचा एनएफएस क्लायंटही व्हर्जन ३ च्या पुढे जात नाही. यात फाइल सर्व्हर क्लायंटची काही नोंदच ठेवत नाही. एक्स्पोर्ट्स फाइलमध्ये (कोणतं फोल्डर कुणाला द्यायचं याची सर्व्हरवरची यादी) आयपी, सबनेट किंवा होस्टनेम लिहिलेलं असतं, त्यात बसला तर आत. युजर कोण हे क्लायंट स्वतःच सांगतो, यूआयडी (युजरचा नंबर) अमुक, ग्रुप अमुक (आणि ग्रुपही जास्तीत जास्त १६), आणि सर्व्हर ते मान्य करतो. शिवाय रिक्वेस्ट १०२४ च्या खालच्या पोर्टवरून आली पाहिजे ही डिफॉल्ट अट, म्हणजे ती रूटने (मशीनवर सर्वाधिकार असलेल्या युजरने) पाठवली असा अर्थ, पण आज ज्याच्याकडे लॅपटॉप आहे तो त्यावर रूट असतोच, त्यामुळे त्या अटीवर कुणी विसंबू नये. आणि नॅटच्या मागे (अनेक मशिनं एकाच आयपीवरून बाहेर पडतात तेव्हा) असाल तर पोर्ट बदलून १०२४ च्या वर जाऊ शकतो आणि मग अट शिथिल करावी लागते, शिवाय मागची सगळी मशिनं सर्व्हरला एकाच आयपीची दिसतात.

लॉकसाठी व्हर्जन ३ मध्ये वेगळाच प्रोटोकॉल आहे, एनएलएम, आणि त्याच्या जोडीला स्टॅटडी, म्हणजे कोण रीस्टार्ट झालं यावर लक्ष ठेवणारा प्रोग्राम. क्लायंट लॉक घेताना आपलं होस्टनेम देतो, सर्व्हरचा स्टॅटडी ते नाव डिस्कवर लिहून ठेवतो, आणि क्लायंट क्रॅश होऊन परत उठला की त्याने "मी रीस्टार्ट झालो" असा निरोप त्याच नावाने पाठवायचा, मग सर्व्हर जुने लॉक सोडतो. गोची अशी की लॉक घेताना नाव नुसतं "पीसी१२" असेल आणि निरोप पूर्ण डोमेनसकट आला, किंवा उलट, तर सर्व्हरला ते दोघं वेगळे वाटू शकतात आणि लॉक तसाच अडकून राहतो. आणि मशीन परत उठलंच नाही तर? तर निरोपच येत नाही, लॉक राहिला तो राहिला, कुणीतरी हाताने मोकळा करेपर्यंत. लीज, म्हणजे ठराविक मुदतीनंतर आपोआप संपणारा हक्क, ही भानगड इथे नाहीच. त्यामुळे व्हर्जन ४ मध्ये त्रास झाला म्हणून "चला ३ वर जाऊ" असं कुणी सुचवलं तर माझं मत साफ नाही असं आहे. फक्त रीड-ओन्ली शेअर असेल, सॉफ्टवेअरचे इन्स्टॉलर वगैरे, तर ३ उत्तम चालतं, लॉकचा प्रश्नच येत नाही. होम फोल्डरला नको.

आता व्हर्जन ४. इथे सर्व्हर प्रत्येक क्लायंटचं खातं उघडतो. क्लायंट दोन गोष्टी पाठवतो: एक स्वतःचं नाव, म्हणजे एक स्ट्रिंग, आणि दुसरा आठ बाइटचा व्हेरिफायर जो लिनक्समध्ये बूटच्या वेळेवरून बनतो. नाव तेच आणि व्हेरिफायरही तोच, तर हा तोच क्लायंट, चालू द्या. नाव तेच पण व्हेरिफायर नवा, तर हा क्लायंट रीस्टार्ट झालाय, म्हणजे याची जुनी सगळी स्टेट (उघड्या फाइली आणि लॉकचा हिशोब) टाकून द्या. सर्व्हर त्याला ६४ बिटचा क्लायंट आयडी देतो आणि पुढचा कारभार त्या नंबरावर चालतो. ४.० मध्ये हे सेट-क्लायंट-आयडी आणि त्याच्या कन्फर्मने होतं, ४.१ पासून एक्स्चेंज-आयडी आणि क्रिएट-सेशनने. क्लायंट अधूनमधून लीज रिन्यू करतो, लिनक्स सर्व्हरवर लीज डिफॉल्ट ९० सेकंदांची, तेवढ्यात आवाज आला नाही तर क्लायंट गेला असं धरायची मुभा सर्व्हरला आहे. व्हर्जन ३ मध्ये कायमचा अडकणारा लॉक इथे अडकत नाही, आणि ही एकच गोष्ट माझ्या मते ४ कडे जायला पुरेशी आहे.

पण सगळा डोलारा त्या नावावर उभा आहे. आणि लिनक्समध्ये तुम्ही काहीच केलं नाही तर ते नाव म्हणजे "लिनक्स एनएफएसव्ही४.२" आणि पुढे होस्टनेम, बस्स.

ज्यांची मशिनं नीट नावं देऊन उभी केलेली आहेत त्यांना यात काहीच अडचण नाही, खरंच नाही, त्यांनी काही बदलायचीही घाई करू नये. अडचण क्लोनवाल्यांना. एका लॅबचं सेटअप मी जवळून पाहिलंय, व्हेंडरने एक मशीन तयार केलं, त्याची इमेज सगळ्यांवर टाकली, होस्टनेम सगळ्यांचं लोकलहोस्ट डॉट लोकलडोमेन. एक मशीन चालू असताना सगळं मस्त, दुसरं चालू केलं की दोन्ही अडखळणार. फायरफॉक्स प्रोफाइल लॉक आहे म्हणून उघडत नाही, सेव्ह करताना इनपुट-आउटपुट एरर, मध्येच माउंट दहा सेकंद गोठतं. व्हेंडरने स्विच बदलून दिला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आत काय चालतं ते बघा, एकदा समजलं की पुन्हा विसरणार नाही. पहिलं मशीन येतं, नाव सांगतं, खातं उघडतं, फाइल उघडते, लॉक घेतं. दुसरं मशीन येतं आणि अगदी तेच नाव सांगतं, पण त्याची बूटची वेळ वेगळी म्हणून व्हेरिफायर वेगळा. सर्व्हर काय समजणार? हेच की तोच क्लायंट रीस्टार्ट होऊन आला. तो नव्याचं खातं कन्फर्म करतो आणि जुन्याची सेशन, उघड्या फाइली, लॉक सगळं झाडून टाकतो. पहिलं मशीन पुढची रिक्वेस्ट पाठवतं, उत्तर येतं की सेशन ओळखीचं नाही. ते बिचारं नियमाप्रमाणे पुन्हा एक्स्चेंज-आयडी करतं, तेच नाव, आपला व्हेरिफायर, आणि सर्व्हर म्हणतो अरे पुन्हा रीस्टार्ट झाला, टाका जुनं, म्हणजे आता दुसऱ्याचं गेलं. मग दुसरं तेच करतं. हे न थांबता चालतं. उघड्या फाइली क्लायंट परत उघडून घेतो त्यामुळे वरवर काम चालू असल्यासारखं दिसतं, पण लॉक परत घेत नाही, कारण मधल्या वेळात दुसऱ्या कुणी फाइल बदलली असेल तर डेटाची वाट लागेल, म्हणून लिनक्स क्लायंट डिफॉल्टने तो लॉक गेला असं मानतो आणि त्या प्रोग्रामला एरर देतो. क्लायंटच्या लॉगमध्ये "लॉक रिक्लेम फेल्ड" अशी ओळ दिसली तर नेटवर्कला हात लावायच्या आधी होस्टनेम बघा.

सर्व्हरवरूनही हे पकडता येतं. लिनक्स ५.३ पासून प्रॉक-एफएस-एनएफएसडी खाली क्लायंट्स नावाचं फोल्डर आहे, प्रत्येक क्लायंटला एक नंबरचं सबफोल्डर, आत इन्फो नावाची फाइल, त्यात क्लायंट आयडी, आयपी आणि पोर्ट, क्लायंटने सांगितलेलं नाव, मायनर व्हर्जन, समोरचा कर्नल (लिनक्सचा गाभा) कोणता हे सगळं वाचता येतं. चाळीस मशिनं चालू आहेत आणि इथे सबफोल्डर मोजकीच, शिवाय त्यांचे नंबर सारखे बदलत वर चढतायत, तर निदान झालंच म्हणून समजा.

मग उपाय. सगळ्यात सरळ अर्थातच प्रत्येक मशीनला वेगळं होस्टनेम देणं, आणि मशिनं तुमच्याच ताब्यात असतील तर तेवढ्याने काम होतं. पण होस्टनेमवरची ओळख मला पुरती भरवशाची वाटत नाही. एक तर दोन डिपार्टमेंट वेगवेगळी माणसं चालवतात आणि दोघांकडे "पीसी०१" असतो. दुसरं, काही मशिनं डीएचसीपीकडून (नेटवर्कला जोडल्यावर आयपी वगैरे देणारी सेवा) नाव घेतात आणि एनएफएस माउंट त्याच्या आधी होतं, विशेषतः रूटच एनएफएसवर असलेल्या डिस्कलेस मशिनांत, तेव्हा नाव लागायच्या आधीचं जे काय असेल तेच सर्व्हरला जातं.

म्हणून युनिक आयडी. एनएफएस मॉड्यूलला एनएफएस४-युनिक-आयडी नावाचं पॅरामीटर आहे, मॉडप्रोबच्या (कर्नलची मॉड्यूलं लोड करणारी कमांड) कॉन्फिग फोल्डरमध्ये एका ओळीत देता येतं, डिस्कलेस असेल तर कर्नल कमांड लाइनवर. ६४ अक्षरांपर्यंत काहीही चालतं, एक यूयूआयडी (सहसा दुसऱ्या कुणाशी न जुळणारा लांबलचक नंबर) टाकला की झालं. मग नाव असं बनतं: लिनक्स एनएफएसव्ही४.२, तुमचा यूयूआयडी, तिरकी रेघ, होस्टनेम. इथे बारकावा लक्षात घ्या, होस्टनेम जात नाही, ते मागे राहतंच. म्हणजे दोन मशिनांची होस्टनेम सारखी असली तरी यूयूआयडीमुळे ती वेगळी पडतात, पण एकाच मशीनचं होस्टनेम पुढच्या बूटला बदललं तर सर्व्हरच्या दृष्टीने तो नवा क्लायंटच.

याने किती बिघडतं? फार नाही. जुन्या नावाचे लॉक लीज संपेपर्यंत, म्हणजे साधारण ९० सेकंद, अडून राहतील. ५.१९ पासूनचा लिनक्स सर्व्हर संपर्क तुटलेल्या क्लायंटची स्टेट लगेच टाकत नाही, कुणी दुसरा तीच गोष्ट मागायला आला की मगच टाकतो, त्यामुळे तिथेही कुणाचं काम कायमचं अडत नाही. लाइट जाऊन सर्व्हर आणि क्लायंट दोघंही पडले तर थोडं जास्त जाणवेल, कारण सर्व्हर उठल्यावर त्याच्या यादीतल्या जुन्या नावांची वाट बघतो, सगळे ओळखीचे परत आले तर ग्रेस पिरियड (जुने लॉक परत मागायला दिलेली सवलतीची वेळ) लवकर संपवू शकतो, नाहीतर पूर्ण ९० सेकंद थांबतो. थोडक्यात एका मशीनचं नाव बदलत राहिलं तर दीड मिनिटाचा त्रास, आणि दोन मशिनांचं नाव एक झालं तर डेटाला धोका. दोन्हीपैकी एक चूक करायचीच असेल तर पहिली करा, म्हणजे दर बूटला रँडम आयडी दिला तरी तो क्लोनच्या सारख्या नावापेक्षा शंभर पटींनी बरा.

पण रँडमची गरज नाही, कारण सिस्टमडीवाल्या (लिनक्समध्ये बूट आणि सेवा सांभाळणारा प्रोग्राम) प्रत्येक मशीनवर ईटीसी फोल्डरखाली मशीन-आयडी पडलेलाच असतो. तो जसाच्या तसा देऊ नका, त्याच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय की हा आयडी नेटवर्कवर उघडा पाठवू नये, त्यावरून ॲपनुसार वेगळा आयडी काढून वापरावा. सिस्टमडी-आयडी१२८ नावाची कमांड हेच करून देते, ॲप-स्पेसिफिक ऑप्शन लावला की झालं. आणि इमेज बनवताना मशीन-आयडीची फाइल रिकामी ठेवा म्हणजे पहिल्या बूटला नवा तयार होईल, व्हर्ट-सिसप्रेप हे इमेज साफ करायचं टूल हे आपसूक करतं. हे राहिलं तर मशीन-आयडीही सगळ्यांचा एक, त्यावरून काढलेला यूयूआयडीही एक, आणि सगळं मुसळ केरात.

कंटेनरवाल्यांचा प्रश्न नेहमी येतो आणि बहुतेकांना त्याची गरज नसते. कुबरनेटिसमध्ये (कंटेनर चालवणारी व्यवस्था) एनएफएस व्हॉल्यूम साधारणपणे कुबलेट हा तिचा प्रोग्राम होस्टवर माउंट करतो, पॉडला (कंटेनरच्या गटाला) फक्त फोल्डर दिसतं, त्यामुळे सर्व्हरला ओळख नोडची, म्हणजे त्या होस्ट मशीनची, जाते आणि एका नोडवरच्या पॉड्समधले लॉक त्या नोडचा कर्नलच सांभाळतो. कंटेनरच्या आतून, त्याच्या स्वतःच्या नेटवर्क नेमस्पेसमध्ये (होस्टपासून वेगळा ठेवलेला नेटवर्कचा कप्पा) माउंट करत असाल तरच वेगळा आयडी द्यायचा विचार करा. त्यासाठी सिस-एफएस मधली एनएफएस-नेट-एनएफएसक्लायंट खालची आयडेंटिफायर फाइल आहे, ती प्रत्येक नेमस्पेसची वेगळी असते आणि तिथे लिहिलेलं मॉड्यूल पॅरामीटरच्या वरचढ ठरतं. नाही लिहिलं तर सगळे कंटेनर होस्टचाच यूयूआयडी वापरतात आणि मग फरक राहतो फक्त होस्टनेमचा.

आता कर्बेरॉस, यावर जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत. आतापर्यंतची सगळी नावं ही क्लायंटने आपल्या तोंडाने सांगितलेली आहेत. यूयूआयडी कितीही लांब असला तरी तो पासवर्ड नाही, तुमच्या नेटवर्कवर पॅकेट ऐकणारा कुणीही तो वाचू शकतो आणि तेच नाव सांगून तुमची स्टेट उडवू शकतो. कर्बेरॉसमध्ये प्रत्येक मशीनची कीटॅब (गुप्त किल्ली ठेवलेली फाइल) असते, आणि सर्व्हर क्लायंटच्या नावासोबत ते कोणत्या प्रिन्सिपलने (कर्बेरॉसमधल्या खात्याने) सांगितलं हेही लिहून ठेवतो. त्यामुळे वरच्या क्लोनच्या भांडणात फरक पडतो: दुसरं मशीन तेच नाव घेऊन पण वेगळ्या प्रिन्सिपलने आलं तर पहिल्याची स्टेट चालू असेपर्यंत सर्व्हर त्याला "हा क्लायंट आयडी वापरात आहे" म्हणून परत पाठवतो. पहिल्याचं काम सुरक्षित राहतं, आणि दुसऱ्याचं माउंट होत नाही म्हणून निदान ॲडमिनला फोन तरी येतो. गुपचूप डेटा बिघडण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं. अर्थात इमेजसोबत कीटॅबही कॉपी झाली असेल तर हाही फायदा गेला.

खर्च मात्र मोठा आहे आणि तो आधी बघावा. केडीसी (कर्बेरॉसची तिकिटं देणारा सर्व्हर) उभा करून सांभाळायचा, प्रत्येक मशीनची कीटॅब, डीएनएस दोन्ही बाजूंनी (नावावरून आयपी आणि आयपीवरून नाव) नीट, घड्याळं डिफॉल्टने पाच मिनिटांच्या आत जुळलेली, आणि रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप) चालणाऱ्या जॉबना तिकीट कुठून मिळणार हा प्रश्न तर प्रत्येक ठिकाणी येतोच. ऑफिसात आधीपासून ॲक्टिव्ह डिरेक्टरी किंवा फ्रीआयपीए (युजर आणि मशिनांची खाती एका जागी ठेवणारी, कर्बेरॉससकट येणारी सॉफ्टवेअर) असेल तर अर्धं काम झालेलं असतं, तेव्हा जरूर करा. नसेल आणि माणूस एकच असेल तर फक्त एनएफएससाठी कर्बेरॉस उभा करू नका. एक गोष्ट माहीत असू द्या, मशीनवर जीएसएसडी (एनएफएससाठी कर्बेरॉस हाताळणारा प्रोग्राम) आणि कीटॅब असेल तर माउंट साध्या सिस सिक्युरिटीने (क्लायंट सांगेल तो यूआयडी मानणारी पद्धत) केलं तरी लिनक्स क्लायंट स्वतःची ओळख सांगायला आधी कर्बेरॉसच वापरून बघतो. त्यामुळे "आम्ही तर कर्बेरॉस वापरतच नाही" म्हणणाऱ्यांच्या लॉगमध्येही त्याच्या एरर दिसतात.

मधला मार्ग म्हणून टीएलएस (वेबसाइटच्या https मागचं तेच एन्क्रिप्शन) आलंय, आरएफसी ९२८९, २०२२ चं, लिनक्स सर्व्हरमध्ये ६.४ आणि क्लायंटमध्ये ६.५ पासून. दोन्हीकडे सर्टिफिकेट लावलं तर मशीन खरंच तुमचं आहे का हे तपासलं जातं आणि वाहतूक एन्क्रिप्टही होते, केडीसीची कटकट नाही. पण युजर कोण हे अजूनही क्लायंट सांगेल तेच, त्यामुळे ज्यांच्या हातात मशीनचं रूट आहे अशा विद्यार्थ्यांपासून हे वाचवत नाही. आणि युनिक आयडीची गरज संपत नाही. नव्या डिस्ट्रोवर असाल, मशिनं तुमच्या ताब्यात असतील पण नेटवर्क ताब्यात नसेल, तर मी कर्बेरॉसआधी हे करून बघेन.

४.० की ४.१, हाही याच निर्णयाचा भाग. ४.० मध्ये लिनक्स क्लायंट नावात सर्व्हरचा पत्ताही घालतो, म्हणजे प्रत्येक सर्व्हरला वेगळं नाव, शिवाय डेलिगेशन (फाइल क्लायंटकडे तात्पुरती सोपवणं) परत मागायला सर्व्हर उलट क्लायंटकडे कनेक्शन उघडतो, जे फायरवॉल किंवा नॅटमागे जमत नाही. ४.१ पासून सगळ्या सर्व्हरना एकच नाव आणि कॉलबॅक त्याच कनेक्शनवरून. नॅटमागची ब्रँच ऑफिसं असतील तर ४.१ किंवा ४.२ सोडून दुसरं काही घेऊच नका, आणि माउंट ऑप्शनमध्ये व्हर्जन स्पष्ट लिहा, म्हणजे क्लायंट आपल्या मनाने खाली उतरणार नाही.

तर लॅब, एकच ॲडमिन, इमेजवरून उभी केलेली मशिनं: ४.२, मशीन-आयडीवरून काढलेला युनिक आयडी, आणि एक्स्पोर्ट सबनेटपुरतं. डिरेक्टरी आधीच असलेलं ऑफिस: हेच सगळं, वर कर्बेरॉस, निदान इंटिग्रिटीवालं (वाटेत डेटा बदलला तर पकडणारं). दोन-चारच मशिनं आणि प्रत्येकाचं नाव वेगळं: आहे तसं राहू द्या.

आणि बदल करणार असाल तर चालू माउंटवर करू नका. नाव पहिल्या माउंटच्या वेळी ठरतं, ते असेपर्यंत बदललेलं पॅरामीटर लागू होत नाही, आणि लोकांना वाटतं की केलं तरी उपयोग झाला नाही. सगळी एनएफएस माउंट काढा, शक्यतो मशीन रीबूटच करा, मग सर्व्हरवर ती इन्फो फाइल उघडून नावात यूयूआयडी आलाय का ते डोळ्यांनी बघा, आणि दोन क्लोन मुद्दाम एकाच वेळी चालू करून दहा मिनिटं ठेवा. दोघांचे सबफोल्डर नंबर स्थिर राहिले तर बाकीच्या मशिनांवर तीच ओळ टाकायला हरकत नाही.